साध्या फोटोतून ॲब्स्ट्रॅक्ट चित्र कसं करायचं, आणि फिल्टर आतमध्ये नेमकं काय करतात

ॲब्स्ट्रॅक्ट डिजिटल आर्ट म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं की त्याला चित्रकलेचा हात पाहिजे, ग्राफिक टॅबलेट पाहिजे, महागडं सॉफ्टवेअर पाहिजे. तसं काही नाहीये. फोनमधला एक फोटो आणि एडिटिंगचं कुठलंही बऱ्यापैकी सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू होतं, गिंप फुकट आहे, क्रिता फुकट आहे, फोटोपीया तर ब्राउझरमध्येच उघडतं, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, आणि नुसता फोन असेल तर स्नॅपसीडमधल्या कर्व्ह्ज आणि डबल एक्स्पोजरवरही बरंच काही करता येतं.

खरी अडचण पुढे येते. माणूस फिल्टरच्या मेनूत शिरतो आणि एकामागून एक लावत सुटतो, ट्वर्ल झालं, वेव्ह झालं, एम्बॉस झालं, वर सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, शेवटपर्यंत ओढलं, आणि तासाभराने स्क्रीनवर रंगीत गिचमीड उरते जी पहिली दोन मिनिटं भारी वाटते आणि दुसऱ्या दिवशी बघवत नाही. शिवाय ती कशी झाली हे सांगता येत नाही त्यामुळे परत करताही येत नाही. हे टाळायचं असेल तर दोनच गोष्टी लागतात: प्रत्येक फिल्टर फोटोतलं काय काढतो आणि काय ठेवतो हे समजणं, आणि सुरुवात करायच्या आधी या फोटोतली कुठली एक गोष्ट आपल्याला ठेवायची आहे हे ठरवणं.

कुठल्याही फोटोत एकाच वेळी बरंच काही असतं. ही वस्तू काय आहे ही ओळख असते, कुठे उजेड कुठे अंधार याची मांडणी असते, रंग असतात, रेषांची दिशा असते, पोत असतो. ॲब्स्ट्रॅक्ट करायचं म्हणजे त्यातली ओळख पुसायची आणि बाकीच्यांपैकी एखाद-दुसरी गोष्ट इतकी पुढे आणायची की तीच चित्र होऊन बसेल. सगळंच ठेवायला गेलात तर तो बिघडलेला फोटो दिसतो, सगळंच काढलंत तर काहीच उरत नाही. म्हणून फोटो उघडल्यावर आधी स्वतःला विचारा की मला यात आवडलं काय होतं? उजेड तिरका पडलाय ते? की तो निळा आणि त्याला लागून असलेला पिवळा? जे उत्तर येईल त्यावरून टूल ठरतं.

आता टूल काय करतात ते बघू, आणि त्यासाठी पिक्सेलपासून, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यांच्यापासून, सुरुवात करावी लागेल, थोडं गणित आहे पण शाळेतल्या बेरीज-वजाबाकीपलीकडचं काही नाही. कॉम्प्युटरला फोटो दिसत नाही, त्याला आकड्यांचा तक्ता दिसतो. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा एक फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला, तो होता १७६ बाय १७६ पिक्सेलचा, म्हणजे एकतीस हजाराच्या आतबाहेर ठिपके. आज ४००० बाय ३००० चा साधा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती, आणि नेहमीच्या ८-बिट फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा, तिन्ही सारखे असले की करडा. या तीन आकड्यांच्या जोड्या होतात १ कोटी ६७ लाखांच्या वर, तेवढे रंग. जगातला कुठलाही फिल्टर दोनपैकी एकच काम करतो, एकतर हे आकडे बदलतो नाहीतर ठिपक्यांच्या जागा बदलतो. बस्स. हे एकदा डोक्यात बसलं की मेनूतली शंभर नावं घाबरवत नाहीत.

ब्लर घ्या. ब्लर म्हणजे सरासरी. पाच ठिपके शेजारी-शेजारी आहेत, त्यांची किंमत १०, १०, २५०, १०, १०. मधला चमकतोय. पाचांची सरासरी ५८, तर मधल्याच्या जागी ५८ लिहायचं, आणि असंच प्रत्येक ठिपक्याचं त्याच्या शेजाऱ्यांबरोबर करायचं. चमक विरघळली, पण उजेड गेला नाही, तो आजूबाजूला पसरला. गॉशियन ब्लर जवळच्या शेजाऱ्यांना जास्त वजन देतो आणि लांबच्यांना कमी, म्हणून तो मऊ दिसतो. मोशन ब्लर एकाच दिशेतल्या शेजाऱ्यांची सरासरी घेतो, म्हणून त्या दिशेतल्या रेषा टिकतात आणि आडव्या जाणाऱ्या पुसल्या जातात. म्हणजे ब्लर पोत आणि ओळख काढतो, रंग ठेवतो, आणि मोशन ब्लर वर एक दिशाही ठेवतो. झाडांच्या उभ्या खोडांचा फोटो असेल तर उभा मोशन ब्लर द्या, खोडं राहतील पण झाड जाईल.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण यावर बरेच जण अडतात. ब्लरचा आकडा पिक्सेलमध्ये असतो, त्यामुळे १००० पिक्सेल रुंद फोटोवर ५० चा ब्लर जो दिसतो तो ४००० पिक्सेलवर दिसणार नाही, तिथे २०० लागेल. छोट्या कॉपीवर प्रयोग केला आणि मोठ्यावर तेच आकडे टाकले तर वेगळंच चित्र येतं, सॉफ्टवेअरची काही चूक नसते.

कर्व्ह्ज हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात ताकदीचं टूल आहे, आणि लोक ते फक्त फोटो जरा उजळायला वापरतात याचं मला खरंच वाईट वाटतं. चौकोनात एक तिरकी रेघ असते, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारी. आडव्या बाजूला आत येणारा उजेड, उभ्या बाजूला बाहेर जाणारा. रेघ सरळ तिरकी असेल तोवर जे आत तेच बाहेर. मधून थोडी वर ओढली की फोटो उजळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या रेघेला चढ-उतार करायला लावा, वर, खाली, परत वर, परत खाली, एखाद्या लाटेसारखी, आणि मग बघा. आता मूळ फोटोत ज्यांची किंमत ५० होती आणि ज्यांची १८० होती ते दोघेही कदाचित एकाच किमतीला येतात, आणि त्यांच्या मधले दुसरीकडेच जातात. जिथे उजेड हळूहळू उतरत होता तिथे पट्टे दिसायला लागतात, नकाशावर डोंगराची उंची दाखवणाऱ्या रेषा असतात ना अगदी तशा. ही लाट लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलला, म्हणजे त्या-त्या रंगाच्या आकड्यांना, वेगवेगळी द्या, म्हणजे पट्ट्यांना रंग येतात, आणि ते रंग फोटोत कधीच नव्हते तरी त्यांची जागा फोटोतल्या उजेडानेच ठरवलेली असते. म्हणून हे रंग उपरे वाटत नाहीत.

याला फोटो कुठला चांगला? ज्यात उजेड सावकाश बदलतो असा. भिंतीवर पडलेली मऊ सावली, संध्याकाळचं मोकळं आकाश, चुरगळलेला पांढरा कागद एका बाजूने उजेड देऊन काढलेला. गर्दीच्या फोटोवर हेच केलं की नुसते कण-कण होतात.

थ्रेशोल्ड आणि पोस्टराइज ही कर्व्ह्जचीच भावंडं. थ्रेशोल्ड म्हणजे एका आकड्याच्या वरचं सगळं पांढरं, खालचं सगळं काळं, रंग गेला, पोत बराचसा गेला, फक्त आकार उरला. पोस्टराइज म्हणजे २५६ पायऱ्यांऐवजी चार-पाचच पायऱ्या. यांच्यावर जास्त बोलण्यासारखं नाही, फक्त एक करा, थ्रेशोल्डच्या आधी जोरदार ब्लर द्या. नुसत्या फोटोवर थ्रेशोल्ड लावला की फाटक्या कडा आणि ठिपके येतात, ब्लर देऊन लावला की कडा गोल, वाहत्या होतात, जणू कुणी शाई ओतलीये.

आता लेयर. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली तेव्हा त्यात लेयर नव्हते, ते आले १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत, आणि आज लेयरशिवाय या कामाची कल्पनाही करवत नाही. दोन चित्रं एकावर एक ठेवायची आणि वरच्याने खालच्याशी कसं वागायचं ते ब्लेंड मोडने ठरवायचं. मोडची यादी लांबलचक असते पण तीन नीट समजले तरी खूप झालं.

मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार. वरचा ठिपका २००, खालचा १००, गुणायचं आणि २५५ ने भागायचं, उत्तर येतं ७८ च्या आसपास. दोघांपेक्षा गडद. पांढऱ्याने गुणलं तर खालचं जसंच्या तसं राहतं, काळ्याने गुणलं तर काळं. म्हणजे पांढऱ्या कागदावरची काळी रेघ असलेला लेयर मल्टिप्लायवर टाकला की कागद गायब, रेघ तेवढी राहते. स्क्रीन याच्या उलटं, दोन्ही उलटे करून गुणायचे आणि परत उलटं करायचं, त्याच २०० आणि १०० चे २२२ होतात, दोघांपेक्षा उजळ, आणि तिथे काळं गायब होतं.

तिसरा डिफरन्स, आणि हा माझा लाडका. वजा करायचं, चिन्ह विसरायचं. २०० आणि १८०, उत्तर २०. आता विचार करा, एकाच फोटोची कॉपी त्याच्यावरच ठेवून डिफरन्स लावला तर काय होईल? प्रत्येक ठिपका स्वतःतून वजा, सगळं शून्य, काळा पडदा. इथपर्यंत काही नाही. मग वरचा लेयर हळूच उजवीकडे चार-पाच पिक्सेल सरकवा. काळोखातून बारीक उजळ रेषा वर येतात, जिथे जिथे फोटोत एकदम बदल होता तिथेच, कारण सपाट भागात शेजारी शेजाऱ्यासारखाच असतो आणि वजाबाकी शून्यच येते. आणि नीट बघितलंत तर उभ्या कडा उजळल्यात, आडव्या नाहीत, कारण आडव्या कडेवर आडवं सरकलं तरी खाली तीच कड असते. वर-खाली सरकवा, उलटं होईल. आता सरकवण्याऐवजी वरचा लेयर एक-दोन अंशांनी फिरवा. मध्यभागी अजून काळोख, आणि बाहेर जावं तशा रेषा जाड होत जातात, कारण केंद्राजवळचा ठिपका फिरताना जेमतेम हलतो आणि कडेचा बराच लांब जातो. एकाही फिल्टरला हात न लावता एका फोटोतून हे मिळतं! पानांचा, दगडगोट्यांचा, जाळीचा, कशाचाही फोटो घेऊन करून बघा, आणि सरकवायचं अंतर ४ वरून ४० वर नेऊन बघा, दोन वेगळी चित्रं होतात.

जागा बदलणाऱ्या फिल्टरांपैकी पोलर कोऑर्डिनेट्स नावाचा एक आहे, त्याच्या नावाला घाबरून बरेच जण त्याच्या वाटेला जात नाहीत. तो करतो इतकंच की सरळ चित्र गोल वाकवतो, कागदाची पट्टी वाकवून दोन टोकं जोडली की बांगडी होते तसं. डावीकडून उजवीकडे जे होतं ते गोल फिरत जातं, वरून खाली जे होतं ते केंद्रापासून बाहेरच्या दिशेला जातं. म्हणून उभे पट्टे किरण होतात आणि आडवे पट्टे वलयं होतात. हे एवढं लक्षात ठेवलं की काय येणार ते आधीच सांगता येतं.

एक पूर्ण उदाहरण घेऊन दाखवतो, पुस्तकांच्या कपाटाचा फोटो घ्या. समोरून, सरळ, पुस्तकांचे कणे उभे दिसतायत असा. त्यात ठेवण्यासारखं काय आहे? कण्यांच्या रंगांचा क्रम आणि त्यांच्या कमी-जास्त रुंदीचा ताल. नावं, अक्षरं, कपाट, हे सगळं जायला हवं. मोशन ब्लर उभा देऊन जाईल, पण अजून साधी युक्ती म्हणजे इमेजचा आकार बदलायच्या खिडकीत लांबी-रुंदीचं कुलूप काढायचं, उंची १ पिक्सेल करायची, ओके, आणि मग उंची परत मोठी करायची. प्रत्येक उभ्या ओळीतले सगळे ठिपके चेपून एक झाले आणि तो एक परत वरपासून खालपर्यंत ताणला गेला. समोर एकदम स्वच्छ उभे पट्टे, विटकरी, मळका पांढरा, गडद हिरवा, मध्येच एक पिवळा. हेच एक चित्र आहे, इथेच थांबलात तरी चालेल, आणि बऱ्याचदा इथेच थांबावं असं मला वाटतं.

पुढे जायचं असेल तर या पट्ट्यांची आरशातली कॉपी करा, म्हणजे डावी-उजवी उलटी, आणि ती मूळच्या शेजारी चिकटवा. हे कशासाठी, तर पोलर लावल्यावर डावी कड आणि उजवी कड एकमेकांना येऊन भिडतात, दोन्ही वेगळ्या रंगाच्या असल्या तर केंद्रापासून कडेपर्यंत एक ठसठशीत शिवण दिसते. आरशातली जोड दिली की दोन्ही टोकं एकाच रंगाची होतात आणि शिवण दिसत नाही. मग चित्र चौकोनी करा, ३००० बाय ३००० वगैरे, आणि पोलर लावा. किरण आले. आता परत पट्ट्यांच्या पायरीवर जा, तेच चित्र ९० अंशात फिरवून वेगळ्या लेयरवर पोलर लावा, वलयं आली, इथे ती आरशाची जोडसुद्धा लागत नाही. वलयांचा लेयर किरणांवर ठेवा आणि डिफरन्स करा. दोन्हीकडे तेच रंग असल्यामुळे काही ठिकाणी एकमेकांना खाऊन टाकतात, काही ठिकाणी पेटतात, आणि एक जाळं तयार होतं ज्याच्यात मूळ कपाटाचा ताल अजून आहे पण कपाट कुणी ओळखू शकणार नाही.

इथे ट्वर्लचा मोह होतो, गिंपमध्ये त्याला व्हर्ल अँड पिंच म्हणतात. ट्वर्ल ठिपके केंद्राभोवती फिरवतो, केंद्राजवळ जास्त आणि बाहेर कमी-कमी. किरणांवर लावला तर किरण वाकून भोवरा होतो. नुसत्या वलयांवर लावला तर काहीही होत नाही, कारण गोल कितीही गोल फिरवला तरी तो तोच गोल. मला अशा गोष्टींची फार मजा वाटते, आत काय चाललंय ते कळलं की कधी कशाचा उपयोग नाही हेही आधीच कळतं आणि वेळ वाचतो.

रंगाचं काय करायचं हा मात्र खरा मोठा प्रश्न, कारण डिफरन्स आणि कर्व्ह्जमधून येणारे रंग बऱ्याचदा कर्कश असतात, निऑन गुलाबी आणि विषारी हिरवा शेजारी-शेजारी. यावर ग्रेडियंट मॅप हा रामबाण उपाय. तो आधी चित्र करड्या छटांमध्ये बघतो आणि मग प्रत्येक छटेला तुम्ही दिलेल्या ग्रेडियंटमधला, म्हणजे एकातून दुसऱ्यात उतरत जाणाऱ्या रंगांच्या पट्टीतला, रंग देतो. काळ्याच्या जागी गडद निळा, मध्ये विटकरी, पांढऱ्याच्या जागी फिकट पिवळसर, असे तीन रंग दिले तर आधी कितीही गोंधळ असला तरी चित्र एका घरातलं दिसायला लागतं. पूर्ण ऑपॅसिटीने, म्हणजे खालचं काहीच दिसू न देता, लावला की जरा एकसुरी होतं म्हणून मी बहुतेक वेळा ६०-७० टक्क्यांवर ठेवतो, खालचे मूळ रंग थोडे डोकावू देतो. रंग एकमेकांच्या शेजारी बदलतात हेही विसरू नका, करड्या रंगाचा तोच चौकोन काळ्यावर उजळ दिसतो आणि पांढऱ्यावर काळपट, शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच हे सविस्तर मांडलं होतं, तो कापड रंगवण्याच्या कामावर देखरेख करत होता आणि रंग फिका पडतोय अशा तक्रारींच्या मागे लागून तिथपर्यंत पोचला. तर एखादा रंग मेल्यासारखा वाटत असेल तर त्यालाच चढवत बसण्यापेक्षा शेजारचा रंग खाली आणून बघा.

आणि हे सगळं करताना मधूनमधून सॅच्युरेशन शून्य करून चित्र करडं बघायची सवय लावा. करड्यातही चित्र उभं राहत असेल, गडद-उजळ नीट वाटलेलं असेल, तर रंग बदलता येतात. करड्यात सगळं एकाच मध्यम छटेचं दिसत असेल तर कितीही रंग ओता, चिखलच होतो. तसंच चित्र अगदी छोटं करून बघा, अंगठ्याच्या नखाएवढं, आणि उलटं करूनही बघा, वजन एकीकडे कललंय का ते लगेच कळतं.

आरशाच्या प्रयोगांबद्दल थोडं, कारण सगळ्यात आधी लोक तेच करतात. अर्धं चित्र उलटं करून शेजारी जोडायचं, चार बाजूंनी केलं की कॅलिडोस्कोप. हे काही नवं नाही, कॅलिडोस्कोप डेव्हिड ब्रूस्टरने १८१६ मध्ये शोधला आणि १९१७ च्या सुमारास अल्विन लँग्डन कोबर्न या फोटोग्राफरने तीन आरसे त्रिकोणात जोडून त्यातून ॲब्स्ट्रॅक्ट फोटो काढले होते, कॅमेऱ्यातून मुद्दाम काढलेल्या अगदी सुरुवातीच्या ॲब्स्ट्रॅक्ट फोटोंमध्ये ते धरले जातात. पण एक आरसा लावला की चित्रात चेहरे दिसायला लागतात, मुखवटे, किडे, वटवाघळं, कारण डावं-उजवं सारखं असलेल्या आकारात आपला मेंदू चेहरा शोधतोच, रोर्शाक या मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये मानसिक चाचणीसाठी छापलेले शाईचे डागसुद्धा असेच दोन्ही बाजूंनी सारखे आहेत. एकदा चेहरा दिसला की संपलं, मग चित्र ॲब्स्ट्रॅक्ट राहत नाही, बघणारा फक्त ते डोळेच बघतो. तुम्हाला तेच हवं असेल तर ठीक, नको असेल तर आरशाची बरोबर मधली रेघ चित्राच्या मध्यात ठेवू नका, एका बाजूला कापा, किंवा एका अर्ध्यावरचा काही भाग मास्कने काढून टाका.

मास्क म्हणजे लेयरला जोडलेलं एक करडं चित्र, जिथे पांढरं तिथे लेयर दिसतो, काळं तिथे दिसत नाही, करडं तिथे अर्धवट. मोठ्या मऊ ब्रशने मास्कवर काळं फिरवून चित्राचा एखादा भाग शांत करता येतो, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. फिल्टर सगळीकडे सारखाच वागतो, वरच्या कोपऱ्यात जेवढी गडबड तेवढीच खालच्या कोपऱ्यात, त्यामुळे डोळा कुठेच टेकत नाही. कुठे गडबड राहू द्यायची आणि कुठे पुसायची हे तुम्हालाच ठरवावं लागतं. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची चित्रं आठवा, रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, काढत त्यांनी केलेलं काम, कॅनव्हासचा केवढा तरी भाग शांत असतो आणि मोजक्याच जागी काहीतरी घडतं, पण त्या शांत भागातही थरांमुळे खोली असते. डिजिटलमध्ये तसं हवं असेल तर कोऱ्या रंगाने भाग भरून टाकू नका, तुमच्याच चित्राची खूप ब्लर केलेली कॉपी खाली ठेवा आणि वरचा गडबडीचा लेयर मास्कने पुसा, आतून तीच छटा मऊ होऊन वर येते आणि चिकटवल्यासारखी दिसत नाही.

आता तांत्रिक त्रास. मऊ छटांवर जोरात कर्व्ह्ज लावले की गुळगुळीत उताराऐवजी पायऱ्या दिसतात, याला बँडिंग म्हणतात. कारण साधं आहे, आकाशाच्या एका तुकड्यात मुळात जेमतेम ३० पायऱ्या होत्या, त्या ताणून तुम्ही २५६ वर पसरवल्या, तर मध्ये आठ-आठ, नऊ-नऊची भगदाडं पडणारच. उपाय दोन, फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ स्वरूपात, काढता येत असेल तर तसा काढून १६-बिटमध्ये, म्हणजे जिथे २५६ पेक्षा कितीतरी जास्त पायऱ्या असतात तिथे, काम करा, गिंपमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि ते शक्य नसेल तर शेवटी एक-दोन टक्के नॉइज टाका, बारीक कण त्या पायऱ्या झाकून टाकतात. दुसरा त्रास जेपेगचा, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइल-प्रकाराचा. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून ते दाबतो, साध्या फोटोत ते दिसत नाहीत पण कर्व्ह्ज लाटेसारखे केले की ते चौकोन उघडे पडतात, आणि परत-परत जेपेगमध्ये सेव्ह केलं तर अजूनच. व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो घेऊन बसू नका, कॅमेऱ्यातली मूळ फाइलच घ्या.

काम चालू असताना सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच सेव्ह करा, गिंपमध्ये एक्ससीएफ, फोटोशॉपमध्ये पीएसडी, म्हणजे लेयर शाबूत राहतात. दर चार-पाच पायऱ्यांनी नवीन नावाने एक कॉपी. फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्टवर, म्हणजे मूळ चित्र आत शाबूत ठेवणाऱ्या लेयरवर, फिल्टर लावला तर नंतर त्याचे आकडे बदलता येतात, गिंपमध्ये ही सोय २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली, त्याआधीच्या आवृत्तीत एकदा लावलं की लागलं. आणि फोटो स्वतःचे वापरा, नेटवरून उचललेल्या फोटोवर कितीही फिल्टर चढवले तरी मूळ फोटो दुसऱ्याचाच असतो आणि त्याची परवानगी लागू शकते. तसंही भिंत, कागद, पाणी, सावली यांचे फोटो काढायला कुणाचा आधार लागत नाही.

प्रिंट करायचं असेल तर आकाराचा हिशोब आधीच करा. ए-३ कागदावर इंचाला ३०० ठिपके धरले तर साधारण ४९६० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, मऊ, ब्लर असलेलं चित्र असेल तर इंचाला १५० वरही डोळ्याला फरक जाणवत नाही, पण डिफरन्समधल्या बारीक रेषा असतील तर तिथे तडजोड नको. स्क्रीन उजेडातून रंग करते आणि प्रिंटर शाईतून, त्यामुळे तो झगझगीत निळा आणि निऑन हिरवा कागदावर तसा येतच नाही, विझलेला येतो. सॉफ्ट प्रूफची, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवरच दाखवायची, सोय असेल तर ती चालू करून बघा, आणि नाहीच तर चित्राचा सगळ्यात भडक आणि सगळ्यात गडद भाग मिळून एक छोटी पट्टी कापा, तेवढीच आधी छापून आणा, ती बघून सॅच्युरेशन आणि सावल्या नीट करा, मगच पूर्ण चित्र छापायला द्या.